मुंबईच्या सुप्रीम कोर्टातील हेबिअस कॉर्पसचा वाद (१८२८–२९)

इ. स. १८२९ च्या एप्रिल महिन्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एकटा उरलेला न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट याने न्यायालयाचे सर्व कामकाज बंद ठेवल्याचे जाहीर केले. न्यायालयाच्या आज्ञा पाळल्या जातील अशी हमी मिळेपर्यंत न्यायासनावर बसण्यात अर्थ नाही, अशी त्याची भूमिका होती. राजाच्या सनदेने स्थापन झालेले न्यायालय कंपनीच्या सरकारशी वाद होऊन बंद पडावे, ही घटना हिंदुस्थानातील ब्रिटिश अंमलाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे. वादाचे निमित्त मात्र लहान होते. ठाण्याच्या तुरुंगातील एक कैदी आणि पुण्यातील एका सरदाराच्या घरी असलेला चौदा वर्षांचा एक मुलगा, या दोघांना न्यायालयापुढे हजर करावे व त्यांना का अडकवून ठेवले आहे ते सांगावे, एवढीच न्यायालयाची आज्ञा होती.

या वादाचे वर्णन बहुधा दोन सत्तांमधील चढाओढ म्हणून केले जाते. एका बाजूस राजाचे न्यायाधीश व दुसऱ्या बाजूस कंपनीचा गव्हर्नर, दोघेही मानी आणि दोघेही हट्टी. हे वर्णन खोटे नाही. पण ते अपुरे आहे. व्यक्तींचे स्वभाव बाजूस ठेवून वादाचा कायदेशीर आशय पाहिला, तर त्यात पुढील दीडशे वर्षांच्या इतिहासाचे बीज दिसते. कैद कायदेशीर आहे, असे सरकारने या वादात मुख्यतः म्हटलेच नाही. ‘हा प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायालयाला नाही’, असे त्याचे म्हणणे होते. या दोन उत्तरांतील अंतर हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

१

हेबिअस कॉर्पस या आज्ञापत्राचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. हे आज्ञापत्र कैद्याला उद्देशून नसते. ज्याच्या ताब्यात तो आहे त्याला उद्देशून असते. अमुक माणसाचा देह न्यायालयापुढे आण आणि त्याला कोणत्या दिवशी व कोणत्या कारणाने धरले ते लेखी कळव, अशी त्यात आज्ञा असते. या लेखी उत्तराला जबाब म्हणता येईल. जबाब आल्यानंतरच न्यायालय कैदेचे कारण कायद्याला धरून आहे की नाही याचा विचार करते. कारण पुरेसे असेल तर कैद्याची पुन्हा तुरुंगात रवानगी होते, नसेल तर त्याची सुटका होते. म्हणजे या साधनाची खरी शक्ती सुटकेत नसून जबाब देण्याच्या बंधनात आहे. जबाबच आला नाही तर न्यायालयापुढे निर्णयासाठी काहीच उरत नाही.

इंग्लंडमध्ये १६७९ च्या कायद्याने या आज्ञापत्राची कार्यपद्धती पक्की केली. पुढील शतकात लॉर्ड मॅन्सफील्डने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. राजाच्या सर्व मुलखांत हे आज्ञापत्र जाऊ शकते, असे त्याने १७५९ मध्ये सांगितले. आणि १७७२ मध्ये सॉमरसेट या गुलामाच्या प्रकरणात खाजगी मालकाच्या कैदेतूनही त्याने माणसाची सुटका केली. कैद करणारा सरकारी अंमलदारच असला पाहिजे असे नाही. नातेवाईक, मालक वा पालक यालाही जबाब द्यावा लागतो, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. मुंबईच्या न्यायाधीशांची मनोभूमिका समजण्यास ही दोन्ही तत्त्वे उपयोगी आहेत.

२

मुंबईत १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट होते. त्याच्या जागी डिसेंबर १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट निर्माण झाले व मे १८२४ मध्ये त्याचे काम सुरू झाले. जमिनीच्या खंडाविषयी १८१५ मध्ये निबंध लिहून अर्थशास्त्रात नाव मिळविलेला सर एडवर्ड वेस्ट हा त्याचा पहिला मुख्य न्यायाधीश होय. इंग्लंडातील किंग्ज बेंचच्या न्यायाधीशांना जे अधिकार आहेत ते या न्यायाधीशांना असावेत, असे सनदेत म्हटले होते. मात्र त्याच सनदेप्रमाणे एतद्देशीय लोकांवरील न्यायालयाची सर्वसाधारण सत्ता मुंबई शहर व बेट यांपुरती होती. बेटाबाहेर ती ब्रिटिश प्रजाजन व कंपनीचे नोकर अशा ठराविक व्यक्तींवरच चाले. अधिकार किंग्ज बेंचचे आणि सीमा एका बेटाची, ही विसंगती सनदेतच होती. तिच्यातून वाद उद्भवला नसता तरच नवल.

बेटाबाहेरची व्यवस्था निराळी होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेचा मोठा मुलूख कंपनीकडे आला. तेथे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जुनी रीत शक्य तितकी न मोडता कंपनीची अदालते बसविली आणि १८२७ मध्ये त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली नियमावली अमलात आली. जुन्या सरदार घराण्यांची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांना सामान्य अदालतींपासून सूट देऊन त्यांच्या बाबींसाठी स्वतंत्र एजंट नेमण्याची तजवीज होती. पराभूत राज्यातील वजनदार माणसांना नव्या अंमलाशी बांधून ठेवण्याचा तो राजकीय करार होता. याच नियमावलीतील पंचविसाव्या नियमाने सरकारला राजकीय कारणासाठी माणसास चौकशीवाचून अटकेत ठेवण्याचाही अधिकार दिला. तो नियम पुढे शतकभर कसा टिकला ते यथाक्रम येईलच.

तात्पर्य, १८२८ मध्ये मुंबई बेटावर एक कायदा व बेटाबाहेर दुसरा, अशी स्थिती होती. मुंबईहून ठाणे वीस-एकवीस मैल. त्या अंतरात कैद्याचे हक्क बदलत होते.

३

नोव्हेंबर १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या जागी सर जॉन माल्कम गव्हर्नर झाला आणि पुढील फेब्रुवारीत ग्रँट न्यायाधीश म्हणून मुंबईस दाखल झाला. माल्कमची उमेद राजकारणात व लढायांत गेलेली. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती त्यानेच घेतली होती. ग्रँट हा स्कॉटिश घराण्यातील, पूर्वी पार्लमेंटचा सभासद. वेस्ट, सर चार्ल्स चेंबर्स व ग्रँट असे तीन न्यायाधीश त्या वेळी होते.

ज्या दोन प्रकरणांवरून ठिणगी पडली त्यांपैकी पहिले बापू गणेश याचे. कंपनीच्या अदालतीच्या हुकुमाने तो ठाण्याच्या तुरुंगात होता आणि आज्ञापत्र तुरुंगाच्या अंमलदारावर निघाले. दुसरे प्रकरण मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलाचे. तो पुण्यात आपला आप्त व पालक पांडुरंग रामचंद्र ढमढेरे याच्या घरी होता. मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडून ठेवले असून त्यामुळे त्याच्या प्रकृतीस धोका आहे, असे अर्जात म्हटले होते. ढमढेरे हे दक्षिणेतील प्रतिष्ठित सरदार घराणे. अर्थात ज्यांची प्रतिष्ठा राखण्याचे अभिवचन सरकारने दिले होते, अशांपैकीच एकाला ‘मुलाला घेऊन मुंबईस ये’ असा हुकूम गेला.

दोन्ही प्रकरणांत न्यायालयाचा दरवाजा ठोठावला तो एतद्देशीय माणसांसाठी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राजाचे न्यायालय आणि कंपनीचे सरकार एकच नाहीत, हे दहा वर्षांपूर्वीपर्यंत पेशव्यांच्या अमलाखाली असलेल्या पुण्यातील लोकांना कळून चुकले होते व त्या भेदाचा उपयोग करून घेण्याचे चातुर्यही त्यांच्या अंगी आले होते. माल्कमला ज्या गोष्टीची धास्ती वाटली ती हीच.

ऑगस्ट १८२८ मध्ये वेस्ट मरण पावला. त्यानंतर ३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर व त्याच्या कौन्सिलचे सभासद ब्रॅडफर्ड, स्पॅरो आणि रोमर यांच्या सह्यांचे एक पत्र उरलेल्या दोन न्यायाधीशांना गेले. न्यायाधीशांच्या कायदेविषयक मताचे खंडन करण्याचा पत्राचा रोख नव्हता. राज्याच्या सुरक्षिततेचे कर्तव्य सरकारवर आहे; म्हणून विलायतेहून निर्णय येईपर्यंत प्रांतिक अदालतींच्या अंमलदारांवर किंवा मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय लोकांवर निघालेल्या अशा आज्ञापत्रांना जबाब दिला जाणार नाही, असे त्यात कळविले होते.

न्यायाधीशांनी या पत्राचा भर न्यायालयात निषेध केला. न्यायालयापुढे ज्याला काही म्हणायचे असेल त्याने वकिलामार्फत उघडपणे म्हणावे. न्यायाधीशांना खाजगीरीत्या पत्र लिहून त्यांच्या निर्णयाची दिशा सुचविण्याचा अधिकार गव्हर्नरलाही नाही, ही त्यांची भूमिका होती. न्यायालयाच्या स्वातंत्र्याचे इतके स्पष्ट प्रतिपादन मुंबईत तत्पूर्वी क्वचितच झाले असेल. परंतु १३ ऑक्टोबरला चेंबर्सही मृत्यू पावला आणि ग्रँट एकटा राहिला.

पुढील घटनाक्रम एकाच पायरीवरून चढत गेला. मोरो रघुनाथाच्या बाबतीत पहिल्या आज्ञेला जबाब नाही. म्हणून दंडाची तंबी असलेली पुढची आज्ञा. तीही वाया गेल्यावर अवमानाबद्दल जप्तीची भाषा. आज्ञेची बजावणी करण्यास सरकारने साह्य नाकारले. न्यायालयाजवळ शिपाई नव्हते. त्याच्या हुकुमाला वजन होते ते सरकार तो हुकूम मानी म्हणून. ते मानणे थांबताच ग्रँटने न्यायालय बंद केले आणि राजाकडे दाद मागितली.

४

माल्कमची बाजू केवळ सत्तालोभाची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात तीन मुद्दे होते. नव्याने जिंकलेल्या मुलखात सरकार एकच आहे अशी लोकांची समजूत राहणे अवश्य आहे, हा पहिला. सरदारांना दिलेली वचने मोडली तर दक्षिणेतील व्यवस्थेचा पायाच हलेल, हा दुसरा. आणि मराठी मुलखातील मुलाच्या पालकत्वाचा प्रश्न त्या मुलखाच्या रीतीने सुटावा, इंग्लंडातील कायद्याने नव्हे, हा तिसरा. यांपैकी तिसरा मुद्दा आजही सहज टाकून देण्यासारखा नाही.

तथापि या मुद्द्यांवर न्यायालयातच युक्तिवाद करता आला असता. मूल पालकाच्या कायदेशीर ताब्यात आहे, हा जबाब पूर्ण समाधानकारक ठरू शकला असता. बापू गणेशाच्या तुरुंगाधिकाऱ्यानेही, कैदी सक्षम अदालतीच्या शिक्षेने येथे आहे, असे सविस्तर सांगितले असते तर सरकारची बाजू दुबळी खास नव्हती. जबाब देऊन जिंकण्याचा मार्ग मोकळा असता सरकारने जबाबच न देण्याचा मार्ग पत्करला. कारण एकदा जबाब दिला की जबाब देण्याचे बंधन मान्य केल्यासारखे होते. या दृष्टीने पाहता ३ ऑक्टोबरचे पत्र उतावळेपणाचे नसून अत्यंत विचारपूर्वक लिहिलेले होते.

ग्रँटच्या बाजूतही उणीव होती. राजाचा संरक्षक अधिकार त्याच्या सर्व मुलखांत चालतो हे तत्त्व उदात्त खरे. पण सनदेतील बेटाची मर्यादा दृष्टीआड केल्याविना ते पुण्यापर्यंत नेता येत नव्हते. न्यायालय पूर्णतः बंद केल्याने ज्या पक्षकारांचा या वादाशी संबंध नव्हता त्यांचीही दारे बंद झाली. न्यायाच्या प्रतिष्ठेसाठी न्यायदानच थांबविणे, हा उपाय रोगाइतकाच कठीण होता.

५

प्रकरण विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. पण त्याच्या निर्णयाची वाट न पाहता बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो याने फेब्रुवारी १८२९ मध्येच माल्कमला खाजगी पत्र लिहिले. मुंबई सरकारचा अॅडव्होकेट जनरल असलेला ड्यूअर मुख्य न्यायाधीश होईल, सीमोर हा दुसरा न्यायाधीश येईल, आणि दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये रानहत्ती चालवावा तसा ग्रँट त्यांच्यामध्ये वठणीवर येईल, अशा आशयाची उपमा त्यात होती. हे पत्र पुढे वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाले व त्यावर पुष्कळ गदारोळ उठला. पत्राचे महत्त्व त्यातील विनोदात नाही. कायदा काय आहे हे ठरण्यापूर्वीच न्यायासनाची रचना कार्यकारी सत्तेला सोयीची करण्याचा विचार झाला होता, याचा तो लेखी पुरावा आहे.

प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय १८२९ मध्येच झाला. दोन्ही आज्ञापत्रे अयोग्य रीतीने निघाली, असे ठरले. जेथे न्यायालयाची सर्वसाधारण सत्ता चालते त्या सीमेत राहणाऱ्या, किंवा सीमेबाहेर असूनही व्यक्तिशः न्यायालयाच्या सत्तेखाली येणाऱ्या माणसावरच असे आज्ञापत्र निघू शकेल. एतद्देशीय अदालतीच्या तुरुंगाधिकाऱ्यावर त्या नात्याने ते निघू शकणार नाही व तिच्या हुकुमाने कैदेत असलेल्या माणसाला सुप्रीम कोर्ट सोडू शकणार नाही. आणि अशा अदालतीच्या अधिकाराची दखल, जबाबात ती खुलासेवार नसली तरी, सुप्रीम कोर्टाने घेतलीच पाहिजे, असे पुढील मुद्दे होते.

सनदेच्या अर्थाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणणे कठीण आहे. परंतु मोरो रघुनाथ कोंडलेला होता की नव्हता, याविषयी त्यात अक्षर नाही, आणि तसे असणे शक्यही नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याचा अधिकार नाकारला की प्रश्नच नाहीसा होतो. ग्रँटने १८३० मध्ये मुंबईचे पद सोडले. पुढे तो कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाला.

६

१८२९ च्या निर्णयाने आखलेली स्थळाची सीमा दीर्घकाळ टिकली. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट व सदर अदालत यांच्या जागी मुंबई उच्च न्यायालय आले. दुहेरी न्यायव्यवस्था संपली, पण ही सीमा लगेच संपली नाही. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेतील कलम ४९१ प्रमाणे देखील कैद्याला हजर करविण्याचा अधिकार प्रारंभी उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरता, म्हणजे मुंबईच्या बाबतीत शहरापुरताच होता. १९२३ च्या दुरुस्तीने तो फौजदारी अपिलाच्या संपूर्ण क्षेत्रात लागू झाला. बापू गणेश ज्या ठाण्याच्या तुरुंगात होता तेथील कैद्यासाठी हा उपाय संहितेने खुला होण्यास असा जवळजवळ ९४ वर्षांचा काळ लोटला.

स्थळाची भिंत पडली तरी दुसरी एक भिंत त्याच कलमात उभी होती. १८१८ चा बंगालचा तिसरा नियम, १८१९ चा मद्रासचा दुसरा नियम आणि १८२७ चा मुंबईचा पंचविसावा नियम यांखाली अटकेत असलेल्या राजकैद्यांना हे कलम लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ठाण्याचा चोर आता प्रश्न विचारू शकत होता. राजकैदी विचारू शकत नव्हता. सीमा स्थळावरून काढून कैद्याच्या वर्गावर नेण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक रीत दिसली. मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये हिंदुस्थान संरक्षण नियमांतील सव्विसावा नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. त्या नियमाखाली हजारो माणसे स्थानबद्ध होती. येथे न्यायालयाने प्रश्न विचारला, उत्तर तपासले आणि ते अपुरे ठरविले. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून मूळ कायद्याचे शब्दच पूर्वलक्षी परिणामाने बदलले. जबाब नाकारण्याऐवजी जबाब पुरा पडेल असा कायदा करण्याची ही युक्ती होती. माल्कमच्या रीतीपेक्षा ती सभ्य असली, तरी कैद्याच्या दृष्टीने फलनिष्पत्ती वेगळी नव्हती.

१९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये हा उपाय घटनात्मक केला. आता तो सनदेच्या शब्दांवर किंवा संहितेच्या दुरुस्तीवर अवलंबून नव्हता. स्थळाची सीमा गेली, वर्गाचीही गेली. परंतु तिसरी, काळाची सीमा पुढे आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद २१ च्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क तहकूब झाला. तरीही स्थानबद्धतेची कायदेशीरता तपासता येते, असे अनेक उच्च न्यायालयांनी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, चार विरुद्ध एक अशा मताने तो मार्ग बंद केला. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार राज्याला नाही, आणि हे तत्त्व केवळ अनुच्छेद २१ ची देणगी नाही, हा त्यांच्या मताचा गाभा होता.

या खटल्यातील सरकारचा युक्तिवाद आणि ३ ऑक्टोबर १८२८ चे पत्र शेजारी ठेवून पाहिले असता साम्य लपत नाही. दोन्ही ठिकाणी कैद रास्त असल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारने घेतला नाही. दोन्ही ठिकाणी राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली प्रश्न विचारणेच अप्रस्तुत ठरविण्यात आले. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. १८२८ मध्ये न्यायाधीशांनी प्रतिकार केला व परकीय सत्तेच्या सर्वोच्च पीठाने त्यांना मागे ओढले. १९७६ मध्ये स्वतंत्र राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयानेच बहुमताने माघार घेतली. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही असे ठरविले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय रद्दबातल केला.

स्थळ, वर्ग आणि काळ या तीन सीमा अशा रीतीने एकामागून एक पुसल्या गेल्या. पण प्रत्येक सीमा पुसली जाण्यापूर्वी ती रास्त, व्यवहार्य व तात्पुरती असल्याचे सांगितले गेले होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. माल्कमचाही नकार विलायतेहून निर्णय येईपर्यंतचाच होता. कैदी सुटला की नाही, यावरून या साधनाचे मोल ठरत नाही. कारण पुष्कळ कैदी कायद्याने कैदेतच राहावयाचे असतात. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला कारण सांगावे लागले की नाही, यावरून ते ठरते. १८२८ साली पुण्याच्या एका वाड्यातील मुलाविषयी विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर देण्यास भाग पाडणारी सत्ता या देशात निर्माण होण्यास शतकाहून अधिक काळ लागला. आणि ती निर्माण झाल्यावरही तिचा वापर करण्याचे धैर्य न्यायासनावर बसलेल्या माणसांनाच दाखवावे लागले.